तीन अक्षरांचा पत्रा

आक्का,

तुझ्या पुण्यानुमोदनाला सात जण बोलले आणि सातही जणांनी तू फार मायाळू होतीस असं सांगितलं. मी मागं भिंतीला टेकून बसलो होतो. माझा उजवा कान आपोआप गरम झाला. पिरगाळून पिरगाळून तू तो डाव्यापेक्षा जरा मोठा करून ठेवला आहेस, न्हावीसुद्धा विचारतो. मायाळू तू होतीसच, पण तुझी माया आधी कानफटात बसायची आणि मग कळायची. गारगोटीजवळ आपल्या गावात मला हिवताप झाला होता तेव्हा तू माझ्या छातीवर गुडघा रोवून, नाक दाबून कडू गोळ्या घशात कोंबल्या होत्यास. दोन दिवसांत ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या मी परसात फेकून दिल्या. तू मला तिथंच गाठून ओल्या फोकानं झोडपलंस. मग गोळ्या हुडकल्यास, धुतल्यास आणि परत घशात घातल्यास. तेव्हा तू नर्स नव्हतीस, नववीत होतीस.

"अर्ध्यावर सोडलास तर ताप पुन्यांदा येतोय," म्हणाली होतीस, "आन ह्या बारीला दात घिऊन येतोय."

माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी उठलो, "आक्का गेली" एवढं म्हणालो आणि बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला. तसं वाटू दिलं. खरं म्हणजे मला जे सांगायचं होतं ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहितोय. आता तू मधे बोलणार नाहीस, तेवढी एक सोय झाली आहे. ती सोय मला नको होती.

पत्र्याबद्दल बोलायचं आहे.

मंगळवार पेठेतलं माझं पाट्या रंगवायचं दुकान आहे तिथंच आहे, फक्त फ्लेक्स आल्यापासून पाट्या नाहीत. पण नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मला मान वर करायला फुरसत नसायची. दुकानांच्या पाट्या, नंबरप्लेटा, कुस्तीच्या मैदानाचे बोर्ड. त्या दिवशी मी एका ट्रॉलीच्या मागच्या फळीवर वाघ काढत होतो. तू ड्यूटीला जाता जाता आलीस, पिशवीतून हातभर लांबीचा पत्रा काढलास आणि माझ्या स्टुलावर बसलीस.

"ते मांजर ऱ्हाऊ दे. ह्यावर लिव्ह."

"वाघ हाय त्यो."

"असंल. राखीव, असं लिव्ह. तीन अक्षरं. बास."

कशाला, ते तू भडंग खात खात सांगितलंस. तू वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. तुमच्या हॉस्पिटलात साध्या तापालासुद्धा सगळ्यात कडक इंजेक्शन मारायची सवय पडली होती. नातेवाईक मागायचे, डॉक्टर द्यायचे, सगळे खूश. आणि हळूहळू तुझ्या वॉर्डात असे जंतू सापडायला लागले होते, ज्यांना नेहमीची औषधं लागूच पडत नव्हती. म्हणून तुमच्या मोठ्या सरांनी नियम केला. चार औषधं कुलपात. आधी रक्त नाहीतर पू तपासायला पाठवायचा, रिपोर्ट बघायचा, मगच बाटली बाहेर काढायची. कुणाला, कशासाठी, किती दिवस, ते वहीत लिहायचं. आणि कपाटाची किल्ली तुझ्याकडं.

"जंतू शिकत्यात, दिल्या. उगंच मारलं, अर्धंमुर्धं मारलं, की जे वाचत्यात ते शाणं हुत्यात."

"जंतू?"

"व्हय. तुझ्यागत न्हाईत ते. एकदा नापास झालं की पुढच्या बारीला पास हुत्यात."

मी दहावीला तीनदा बसलो होतो. वाघाला मिशा काढत राहिलो.

"आन राखीव म्हंजे काय लिव्हायचं? कुणाला कळणार?"

"ज्याला दुसरं कायबी लागू पडत न्हाय, त्येच्यासाठी जपून ठेवल्यालं. त्यात न कळाय काय झालं? चल, मी येतो. सांच्याला नेतो."

तू गेलीस. मी पत्रा घासला, पिवळ्या रंगाचा हात दिला, वाळल्यावर लाल रंगात ब्रश बुडवला. 'रा' काढायचा म्हणून हात उचलला आणि हात पत्र्यावर टेकेना.

तुझं नर्सिंगच्या होस्टेलवरचं पहिलं वर्ष. मी दहावीला पहिल्यांदा बसलो होतो, आणि आईनं दिलेल्या भाकरी घेऊन तुझ्याकडं आलो होतो. तू चहा आणायला गेलीस. खाटेखालून तुझी लोखंडी ट्रंक अर्धी बाहेर आली होती आणि तिच्यावर खडूनं ठसठशीत लिहिलं होतं, राखीव. कुणी लिहिलं ते तू कधी सांगितलं नाहीस. का लिहिलं, ते आपल्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी त्यावर थुंकलो आणि बाहीनं घासलं. इतकं घासलं की ट्रंकेचा हिरवा रंगही निघाला. तू चहा घेऊन आलीस, ट्रंकेकडं बघितलंस, माझ्या बाहीकडं बघितलंस.

"चहा पी," म्हणालीस, "निवालाय."

तीच तीन अक्षरं मी माझ्या हातानं, ऑइलपेंटनं, तुझ्या कपाटावर लिहायची? ट्रंकेवरची निदान खडूची तरी होती.

मी लिहिलं, 'भारी औषधे'. लाल अक्षरं, काळी सावली, कडेनं बारीक वेलबुट्टी. खाली छोट्या अक्षरांत, 'सिस्टरना विचारल्याशिवाय हात लावू नये'. कुस्तीच्या बोर्डासारखं झणझणीत झालं होतं. संध्याकाळी तू आलीस आणि पत्रा हातात धरून उभी राहिलीस.

"ह्ये काय?"

"भारी म्हटलं की लोक हात लावाय भ्यात्यात. भारी म्हंजे जहाल."

"कोल्हापुरात भारी म्हंजे चांगलं, येड्या. मिसळ भारी, पिच्चर भारी."

"औषधाला कोण म्हनतंय तसं?"

"दिवसातनं धा जण म्हनत्यात. सिस्टर, भारी इंजेक्शन द्या की. रोज त्येच ऐकून कान किटल्यात माझं." तू पत्रा खाली ठेवलास. "खरं सांग, बदललंस का?"

मी ब्रश धुवायला घेतला. आधीच धुतलेला होता, तरी धुतला. तू ब्रशाकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस.

"उद्या बदलून दे," म्हणालीस. उद्या मी दिला नाही, परवाही दिला नाही. तसाच तो पत्रा कपाटाला लागला.

मग तुझा दरारा सुरू झाला. कुलपातलं औषध चालू करून तीन दिवस झाले की तू डॉक्टरांच्या पुढ्यात वही धरायचीस, "साहेब, तिसरा दिवस." म्हणजे औषध ठेवायचं की बंद करायचं, आत्ता बोला. एका डॉक्टरांनी तुला हात जोडले होते, "सिस्टर, दुसरा काहीतरी शब्द वापरा हो, नातेवाईक रडायला लागतात." तिसरा दिवस म्हटलं की लोकांना राख सावडायचीच आठवते. पण तू शब्द बदलला नाहीस. शब्द बदलायची खोड माझी.

पन्हाळ्याकडचा तो पोरगा आला तेव्हा पत्र्याला सहाएक महिने झाले असतील. पंचविशीतला, दुधाचा धंदा असलेल्या घरचा. कावीळ विकोपाला जाऊन लिव्हर निकामी झालेलं. ह्या आजाराला तुझ्या कपाटातल्या कशाचाच उपयोग नव्हता. पण शेजारच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी होती. तिचा रिपोर्ट आला होता, म्हणून तिच्यासाठी कपाट दिवसातून तीनदा उघडायचं. पोराचा थोरला भाऊ खाटेजवळ बसून बघायचा. कपाट उघडतं, 'भारी औषधे' वाचतो, बाटली म्हातारीला जाते.

"आमच्या पोराला भारी का न्हाय?" त्यानं विचारलं. तू समजावलंस. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा समजावलंस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुझा राग नाकावर आला. "नर्स तुमी हाय का मी?" म्हणालीस. त्या दिवशी दुपारी दोन वाजता पोरगा गेला.

शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं मला हाक मारली, "दिलीपराव, आक्कांच्या दवाखान्यात मारामारी लागल्या." मी एका मेडिकलच्या पाटीवर लाल क्रॉस भरत होतो. तसाच लुनावर बसलो. गेटवर दवाखान्यातल्या आयामावशीनं माझा शर्ट बघितला, किंकाळी फोडली आणि मला धरून स्ट्रेचरवर आडवा केला. "मावशी, रंग हाय त्यो," हे तिला पटवण्यात माझा वेळ गेला. वॉर्डात पोचलो तर समोरच्याच माणसानं, मी कोण कुठला हे न विचारता, एक लगावली. एकाच थपडीत मी बाकाखाली. पुढचं सगळं मी तिथून बघितलं. उठता आलं असतं. उठलो नाही.

पंचवीसेक माणसं होती. खिडकीच्या काचा गेल्या होत्या. सलाईनच्या बाटल्या भिंतीवर फुटत होत्या आणि त्यांचं पाणी बाकाखाली माझ्यापर्यंत येत होतं. पेशंट खाटांखाली घुसले होते. तू कपाटाला पाठ लावून उभी होतीस.

"भारी कपाटात घालून ठिवलंय, आन आमच्या पोराला पाणी चढवलंय," थोरला भाऊ ओरडत होता. त्याच्या तोंडातून फेस येत होता आणि तो रडतही होता. "किल्ली दे."

"न्हाय देत."

"किल्ली दे म्हंतो न्हवं?"

"म्हातारीचं औषध हाय आत. न्हाय देत."

सलाईनचा स्टँड तुझ्या खांद्यावर बसला. तू एका गुडघ्यावर आलीस आणि परत उठलीस. दोघांनी कपाट हलवून हलवून कुलूप तोडलं. तू दार दाबून धरलंस तर त्यांनी ते तुझ्या बोटांवरच आपटलं. दोनदा आपटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. सुपारी फोडल्यासारखा होता. बाटल्या खाली पडल्या, पायांखाली फुटल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "राखीवातनं आल्याली बाई ती, तिला काय कळतंय औषधातलं?"

जो शब्द मी पत्र्यावर लिहायला भ्यालो होतो, तो त्या माणसानं भर वॉर्डात तुझ्यावर फेकून मारला. आणि मी लिहिलेला शब्द तेवढ्यात थोरल्या भावानं कपाटावरून उपटून हातात घेतला होता. तो पत्रा त्यानं तुझ्या तोंडावर मारला. कड भुवईवर लागली. तुझा अर्धा चेहरा लाल झाला, आणि पत्रा तुझ्या पायाशी पडला. भारी. माझी काळी सावली, माझी वेलबुट्टी.

मग पोलीस आले, माणसं पांगली, मी बाकाखालून निघालो. तू जमिनीवर बसून डाव्या हातानं न फुटलेल्या बाटल्या गोळा करत होतीस. मी जवळ आलो तर माझ्याकडं न बघता म्हणालीस, "चार वाजता म्हातारीचा डोस हाय." उजवा हात छातीशी धरून, भुवईवर बोळा दाबून तू चार वाजेपर्यंत उभी राहिलीस. एका नव्या नर्सकडून म्हातारीला इंजेक्शन देववलंस. बाटलीवरचं नाव तू तिच्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतलंस. त्यानंतर टाके घालायला गेलीस. म्हातारी चालत घरी गेली. तुझी दोन बोटं मात्र पुन्हा सरळ झाली नाहीत.

महिन्याभरानं थोरला भाऊ घरी आला. हातात दुधाची किटली. दारातच उभा राहिला, पाय आत टाकेना.

"पावणं, आत या," तू म्हणालीस.

तो बसला. मी चहा पुढं केला. किटली खाली ठेवून तो म्हणाला, "चुकलं. बोर्डावर भारी लिव्हलंतं, मला वाटलं चांगलं ते लपवून ठेवलंय."

"बोर्डच चुकीचा हुता," तू म्हणालीस. "आन माजंबी चुकलं. तुमचा भाऊ जाणार हुता, ते मी तुमास्नी नीट बसवून सांगाय पायजे हुतं. वर तोंड करून बोललो."

बोर्ड कुणी रंगवला ते तू सांगितलं नाहीस. मी बशीतल्या चहावरच्या सायीकडं बघत होतो. तो माणूस पन्हाळ्याहून किटली घेऊन आला आणि एका शब्दात मोकळा झाला. मी मंगळवार पेठेतून तुझ्या घरी दर रविवारी जेवायला येत होतो, इतकी वर्षं, आणि तो एक शब्द मला बोलता आला नाही.

नवीन कपाटावर तू कागद चिकटवलास. मोडक्या बोटांनी स्वतः लिहिलेला. राखीव. पहिलीतल्या पोरानं लिहावं तसा 'ख' कोसळलेला. "पत्रा दे की रंगवून," असं तू दोन वर्षं म्हणत होतीस. मी "देतो" म्हणायचो. नंतर तू म्हणायचं सोडलंस.

रिटायर झालीस, साखर वाढली, पायाची जखम चिघळली आणि गेल्या महिन्यात तू त्याच वॉर्डात पेशंट म्हणून आलीस. डॉक्टर तुझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. त्यानं पू तपासायला पाठवला, औषध सुरू केलं आणि म्हणाला, परवा रिपोर्ट येईल. दुसऱ्या दिवशी ताप एकशे चारवर गेला. तुझे दात वाजत होते. मी समोरच्या कपाटाकडं बघितलं. आणि आक्का, त्या थोरल्या भावाचा फेस माझ्या तोंडाला आला.

"हिनं जन्मभर ह्या कपाटाची राखण केली, आन हिलाच न्हाय? भारी इंजेक्शन काढ," मी डॉक्टरला म्हणालो. भारी. हाच शब्द बाहेर आला. तो म्हणाला, "काका, उद्या सकाळी रिपोर्ट." मी त्याची कॉलर धरली, त्याला भिंतीवर आपटलं. त्याचा चष्मा पडला, माझ्याच पायाखाली फुटला. मग शेजारचा सलाईनचा स्टँड उपसून मी डोक्यावर घेतला. एक नर्स कपाटाला पाठ लावून उभी राहिली. तिच्या तोंडावर मी तेच बघितलं जे बाकाखालून बघितलं होतं. फरक एवढाच की आता बाकाखाली कुणी नव्हतं आणि स्टँड माझ्या हातात होता.

"दिल्या," तू खाटेवरून म्हणालीस. आवाज नव्हताच, नुसता श्वास. "खाली ठेव. तुला धराय येत न्हाय ते."

मी खाली ठेवला. त्या पोरानं पोलीस बोलावले नाहीत. चष्मा गोळा करत म्हणाला, "सिस्टर असत्या तर कान पिरगाळला असता तुमचा."

सकाळी रिपोर्ट आला. नेहमीचं एकही औषध लागू नव्हतं, कपाटातलं एक लागू होतं. नर्सनं तुझ्या त्या पिवळ्या पडलेल्या कागदाखालचं दार उघडलं. दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आला तर तूच त्याला म्हणालीस, "साहेब, तिसरा दिवस." तो हसला आणि तोंड फिरवून फुटका चष्मा पुसत बसला.

त्या दिवशी संध्याकाळी तू उशाला टेकून पपई खात होतीस. मधेच म्हणालीस, "ट्रंकेवरचं पुसलंस ते बरं केलं न्हाईस."

मला आधी कळलंच नाही.

"खडूचं. ते मी मुद्दाम ठेवलंतं. लिव्हणारीनं रोज बघावं म्हणून. परीक्षेत वर्गात पयली आलो तवाबी ते तिथंच असतं. तू येऊन थुकलास त्येच्यावर."

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'भारी' मी का लिहिलं ते. मी तोंड उघडलं, आणि नर्स बीपी बघायला आली. मग तुला झोप लागली. उद्या बोलू म्हटलं. पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असताना तुझं हृदय थांबलं. डॉक्टर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "काका, औषध लागू पडलं होतं. अजून इथं लागू पडतंय ते." मला वाटतं तो सांत्वन करत होता. मला तेव्हा त्याला मारावंसं वाटलं. आता कळतं की तो मला तुझी कमाई दाखवत होता.

ज्याला दुसरं कायबी लागू पडत न्हाय, त्याच्यासाठी जपून ठेवलेलं. स्टुलावर बसून तू सांगितलं होतंस. मी वाघाच्या मिशा काढत होतो.

काल पुण्यानुमोदन उरकल्यावर मी दुकान उघडलं. एक हातभर पत्रा घासला, पिवळा हात दिला. डॉक्टरला नवीन चष्मा आणि हा पत्रा, दोन्ही नेऊन द्यायचं आहे. लाल रंगात ब्रश बुडवला. सावली नाही, वेलबुट्टी नाही. रा. खी. व. चुकलं, आक्का. 'व'ची काठी जरा थरथरली आहे. पत्रा वाळायला ठेवलाय. ह्या बारीला पुसणार नाही.